वटहुकूम एकदाच, की पुन्हा पुन्हा?

कायदा करायचा संसदेने, राबवायचा सरकारने. नागरिकशास्त्रात आम्ही मुलांना हेच शिकवतो. मात्र राज्यघटनेच्या कलम १२३ मध्ये एक सोय आहे. अधिवेशन चालू नसेल आणि तातडी असेल, तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपती वटहुकूम काढू शकतात. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेने त्याचा कायदा केला नाही, तर तो आपोआप संपतो. राज्यात हाच अधिकार राज्यपालांना आहे.

पण मुदत संपताच तोच वटहुकूम परत काढला तर? पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे वटहुकूम तपासले. १९६७ ते १९८१ मध्ये तिथे २५६ वटहुकूम असेच जिवंत ठेवले होते, काही तर १४ वर्षं! सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९८६ मध्ये याला घटनेशी फसवणूक म्हटलं. २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानेही तेच सांगितलं.

तरीही तीन तलाकचा वटहुकूम सप्टेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ मध्ये तीनदा निघाला. विधेयक राज्यसभेत अडकलं होतं. तलाकबद्दल मतं वेगळी असतील. पण नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद देणारा नियम दोन्ही सभागृहांच्या मंजुरीआधी दहा महिने लागू होता.

म्हणून वटहुकुमाची बातमी आली की घरात दोन सवाल जरूर विचारू या: तातडी कोणती होती? आणि हा आधीही निघाला होता का? जवाब मिळाला नाही, तर आपल्या खासदाराला पत्र लिहू या. तो आपला हक्क आहे.