‘शुष्क कूज’ या संज्ञेविषयी

अंबडसारख्या मराठवाड्यातील गावी घराची तुळई वा चौकट आतून ढिसूळ झाली, की ‘वाळवी लागली’ किंवा ‘लाकूड किडले’ असे म्हटले जाते. ‘किडणे’ या क्रियापदात कीड गृहीत धरलेलीच आहे. कवकाने होणारा नाश त्यात मावत नाही. ‘कुजणे’ व ‘सडणे’ यांत ओल अभिप्रेत असते. त्यामुळे इंग्रजीतील ‘ड्राय रॉट’चे ‘शुष्क कूज’ हे भाषांतर वदतोव्याघातासारखे वाटते. परंतु दोष भाषांतरकाराचा नव्हे; मूळ संज्ञाच फसवी आहे.

ही कूज घडविणारे कवक म्हणजे सर्पुला लॅक्रिमान्स. त्याचे फळ भूछत्रासारखे उभे न राहता तांबूस-तपकिरी, पांढऱ्या कडेच्या पापुद्र्यासारखे लाकडावर पसरते. वुल्फेन याने १७८१ मध्ये त्याचे वर्णन करताना ‘अश्रू ढाळणारे’ या अर्थाचे लॅटिन विशेषण योजले, कारण वाढत्या कवकावर पाण्याचे थेंब साचतात. एकाच कवकाला शास्त्रज्ञाने रडवे म्हणावे आणि सुताराने कोरडे, हे मौजेचे खरे; पण दोघांनी पाहिलेल्या अवस्था निराळ्या होत्या. कवक ओलसर लाकडात वाढते, त्यातील सेल्युलोज फस्त करते आणि लिग्निन बहुतांशी मागे ठेवते. पुढे ते लाकूड वाळले, की उभ्याआडव्या भेगा पडून त्याचे तपकिरी, चौकोनी तुकडे होतात व ते बोटांनी चुरडता येतात. सुताराच्या हाती येते ती ही अखेरची अवस्था.

युरोपात घरांचा शत्रू ठरलेल्या या कवकाची भारतातील नोंद के. बागची यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. पश्चिम हिमालयातील सूचिपर्णी वृक्षांच्या अरण्यात ते मूळचे रानटी आहे. त्यास सुमारे २० अंश सेल्सिअसचे तापमान मानवते. चाळिशी गाठणारा अंबडचा उन्हाळा मानवत नाही. तथापि उष्णता सोसणारी, लाकडाची अशीच तपकिरी कूज करणारी अन्य कवके आहेत, आणि खोक्यांच्या वा चौकटींच्या रूपाने पाइनचे लाकूड आता सर्वत्र पोहोचते.

तेव्हा नावाचा प्रश्न केवळ कोशकारांपुरता उरत नाही. ‘वाळवी’ म्हटले की कीटकनाशक आणले जाते आणि गळके छप्पर तसेच राहते. वाळवी मातीच्या नळ्या मागे ठेवते, कवक चौकोनी भेगा. लाकडातील ओल सुमारे २० टक्क्यांखाली राखल्यास कवकाची वाढ होत नाही. या दृष्टीने ‘तपकिरी कूज’ ही संज्ञा अधिक व्यापक असली तरी ‘शुष्क कूज’पेक्षा कमी दिशाभूल करणारी आहे.