आधी जागा, मग यंत्र!

दिवाळी जवळ आली की आपल्या घरांतून दोन प्रकारची खरेदी निघते. एक अंगावरची आणि दुसरी ओट्यावरची. अंगावरच्या खरेदीत आपण सगळेच पारंगत! पोत पाहू, रंग पाहू, चार दुकाने पालथी घालू. ओट्यावरच्या खरेदीत मात्र दुकानदार सांगेल ते प्रमाण मानतो आणि खोके घरी आले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहत विचारतो, ‘‘आता हे ठेवायचे कुठे?’’

मी कॉलेजात मराठी शिकवते, यंत्रशास्त्र नव्हे. परंतु सकाळी सातच्या तासाला जाण्यापूर्वी पाच माणसांच्या पोळ्या उरकणाऱ्या बाईला कणकेविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार वाचक नाकारणार नाहीत, अशी आशा आहे.

विषय आहे स्टँड मिक्सर. आणि मराठीच्या मास्तरणीला शोभेल अशी सुरुवात करायची तर प्रथम शब्दाचाच घोळ निस्तरायला हवा.

मिसळणारा आणि वाटणारा

‘मिक्सर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चटणी येते. वास्तविक त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘मिसळणारा’. आपला मिक्सर मिसळत नाही. तो वाटतो, दळतो, कुटतो. परदेशी यंत्रे मऊ पदार्थ फेटण्यासाठी घडवलेली. आपल्या मसाल्यापुढे आणि भिजवलेल्या डाळीपुढे ती टेकीला येत. अशाच एका बंद पडलेल्या जर्मन मिक्सरपायी सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने आपल्या पत्नीसाठी दणकट मोटरचे यंत्र तयार करायला घेतले आणि १९६३ च्या सुमारास ‘सुमीत’ मिक्सरचा जन्म झाला. पाट्या-वरवंट्याचे काम मिक्सरने घेतले, आणि नाव मात्र मिसळण्याचेच राहिले.

स्टँड मिक्सर हा त्या नावाचा खरा मानकरी. तो वाटत नाही. तो मळतो, फेसतो, फेटतो. म्हणजे आपल्या भाषेत तो पाट्या-वरवंट्याचा नव्हे, परातीचा आणि तळहाताचा वारस आहे. खाली जड बैठक, तीवर भांडे, आणि भांड्यावर वाकलेले यंत्राचे डोके. डोक्यात अडकवायला साधारणपणे तीन अवजारे मिळतात: कणकेसाठी आकडा, तूप-साखर फेसण्यासाठी पसरट पाते आणि हलके फेटण्यासाठी तारांचा फेटा. चांगल्या यंत्रातले अवजार स्वतःभोवती फिरता फिरता भांड्याभोवतीही फिरते. शाळेच्या भूगोलात आपण परिवलन आणि परिभ्रमण शिकलो, तोच हा प्रकार. त्यामुळे भांड्याचा एकही कोपरा कोरडा राहत नाही.

चटणीसाठी हे यंत्र घेऊ पाहणाऱ्यांनी मात्र येथेच थांबावे!

भट्टीतून घरात

हे यंत्र मुळात घरातले नव्हेच. अमेरिकेत हर्बर्ट जॉन्स्टन या इंजिनिअरने बेकरीतले पीठ मळण्याचे कष्ट पाहून ते तयार केले. त्याच्या होबार्ट कंपनीने १९१९ साली त्याची घरगुती आवृत्ती ‘किचनएड’ या नावाने काढली. घरगुती म्हणायची इतकेच! तिचे वजन सुमारे पासष्ट पौंड, म्हणजे जवळजवळ आपल्या भरलेल्या गॅस सिलिंडरइतके होते. पुढे १९३७ साली एग्मॉन्ट अरेन्स याने तिला सुटसुटीत रूप दिले, तर इंग्लंडात केनेथ वुडचा ‘केनवुड शेफ’ १९५० साली बाजारात आला. आज हलकी यंत्रे पाच-सहा किलोंची आणि ओतीव धातूची दहा-बारा किलोंची मिळतात. तात्पर्य, ‘हे ठेवायचे कुठे’ हा प्रश्न यंत्राच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी लागलेला आहे.

आपल्या आजीला हा प्रश्न कधी पडला नाही. जाते आपल्या कोपऱ्यात, उखळ जमिनीत पुरलेले, पाटा मोरीच्या जवळ. ही साधने घरात ठेवलेली नसत, घराचाच भाग असत. पुढे चूल जमिनीवरून ओट्यावर आली, बाई उभी राहिली, घर मात्र लहान झाले. आणि मग आपण माळा नावाचे एक अद्भुत स्थान निर्माण केले. गणपतीचे मखर, लेकीचा पाळणा, लग्नात आलेले सहा सारखेच डिनर सेट यांच्या पंक्तीला पुष्कळ घरांतले स्टँड मिक्सर जाऊन बसले आहेत. यंत्र बिघडले म्हणून नव्हे. दहा किलोंचा ऐवज स्टुलावर चढून खाली काढण्यापेक्षा हाताने कणीक मळणे सोपे वाटते म्हणून.

यंत्र कोणासाठी?

आमच्या घरात हा प्रश्न निराळ्या कारणाने उभा राहिला. सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याचे मूळ दुखू लागले. डॉक्टरांनी सांगितले, कणीक मळणे बंद. चाळीस वर्षे आमच्या घरची कणीक त्यांच्या हातची. सून म्हणून आले त्या दिवसापासून पोळ्या मी लाटल्या, पण परात त्यांच्याकडेच राहिली. तो अधिकार एकाएकी गेला आणि त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून ‘‘पाणी बेताने घाल’’ एवढेच म्हणू लागल्या. दुखणे अंगठ्याचे होते, पण लागले होते दुसरीकडे.

यंत्र घ्यायचे ठरले तेव्हा आमच्या ह्यांनी उत्साहाने जागाही सुचवली. ‘‘माळ्यावर ठेवू. ओटा मोकळा राहील. लागेल तेव्हा मी काढून देत जाईन.’’

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘म्हणजे कणीक भिजवायला मी तुझी ऑफिसातून यायची वाट पाहायची का रे?’’

सगळा निर्णय त्या एका वाक्यात झाला. ज्या हातासाठी यंत्र आणायचे, त्या हाताला ते उचलावे लागता कामा नये. घरातल्या सर्वांत दुबळ्या हाताला, दुसऱ्या कोणाला हाक न मारता जेथे ते चालवता येईल, तीच त्याची जागा. ओट्याच्या खिडकीकडच्या टोकाला जे चार डबे उगाच बसून होते, ते हलले आणि तेथे यंत्र आले. आता पीठ, मीठ, तेल सासूबाई घालतात, कळ त्या फिरवतात आणि शेवटी बोट दाबून कणीक सैल की घट्ट याचा निकालही त्याच देतात. मळण्याचे बळ यंत्राचे आहे. केव्हा थांबायचे हे ज्ञान अजून त्यांचेच आहे.

निवड कशी करावी?

म्हणून माझे म्हणणे असे की, दुकानात जाण्यापूर्वी टेप घेऊन स्वतःच्या स्वयंपाकघरात जावे. ओट्याची खोली मोजावी, वरच्या कपाटाच्या तळापर्यंतची उंची मोजावी. पुष्कळ यंत्रांचे डोके भांडे काढताना मागे उचलावे लागते आणि त्या वेळी उंची आणखी काही इंच वाढते. मोजायची ती ही वाढलेली उंची. यंत्राच्या बैठकीएवढा वर्तमानपत्राचा कागद कापून ओट्यावर आठ दिवस ठेवावा, त्यावर त्याच उंचीचा एखादा डबा ठेवावा. पोळपाट वारंवार त्या डब्याला आपटू लागला, तर जागा चुकली आहे. जागा दुसरीकडे शोधावी, किंवा यंत्र लहान घ्यावे. हा प्रयोग फुकट होतो. नंतरचा पश्चात्ताप महाग पडतो.

मग भांडे. चार-पाच माणसांच्या घराला चार ते पाच लिटरचे भांडे पुरते. मोठे ते चांगले, हा हिशेब येथे लागू नाही. दोन माणसांची मूठभर कणीक मोठ्या भांड्याच्या तळाशी नुसती गरगरते किंवा आकड्यावर चढून बसते. दोघांचाच संसार असेल आणि हात धड असतील, तर परातीसारखे यंत्र नाही!

वॅटच्या आकड्याला भुलू नये. वॅट ही यंत्राची भूक आहे, ताकद नव्हे. तो किती वीज खातो ते त्यावरून कळते. त्यातले किती बळ आकड्यापर्यंत पोहोचते, हे आतल्या दंतचक्रांवर आणि यंत्राच्या बांधणीवर अवलंबून असते. शक्य असेल तर दुकानात पीठ मळून दाखवायला सांगावे. डोके खाली अडकवल्यावर ते खिळखिळे हलते का, कणीक मळताना यंत्र ओट्यावर ‘चालू’ लागते का, हे डोळ्यांनी पाहावे. जाडजूड छापील माहितीपेक्षा ही पाच मिनिटे अधिक बोलकी असतात. जवळपास दुरुस्तीची सोय आहे का, हेही तेथेच विचारावे.

अमेरिकेतल्या भाच्याने ‘‘मामी, तिकडून आणू का?’’ असे प्रेमाने विचारले, तर प्रेम स्वीकारावे आणि यंत्राचे व्होल्टेज विचारावे. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तोही चांगला वजनदार असतो. म्हणजे एका यंत्राला जागा नाही, तेथे दोघांची सोय पाहावी लागते.

ठेवावे कसे?

ओट्यावर मुळीच जागा नसेल, तर कमरेच्या आसपासच्या उंचीची फळी किंवा चाकांना खीळ असलेली मजबूत ट्रॉली चालेल. खांद्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली मात्र ते कधीही ठेवू नये. उचलताना पाठीला किंवा पायाच्या बोटांना त्याची किंमत मोजावी लागते. शेगडीच्या शेजारी फोडणीचे तेल उडते आणि त्याचा चिकट थर बसतो. नळाच्या शेजारी पाणी उडते. दोन्हींपासून हातभर दूर असावे. तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग भिंतीवर जवळच हवा. लांबवरून ओढलेली वायर ओल्या ओट्यावर लोळता कामा नये.

झाकण सुती कापडाचे शिवावे. जुन्या साडीचे उत्तम होते. प्लॅस्टिकखाली पावसाळ्यात दमटपणा कोंडतो, मुंबई-कोकणात तर फारच. भांडे आणि अवजारे धुऊन पूर्ण कोरडी करून मगच आत ठेवावीत. लेप नसलेली अ‍ॅल्युमिनियमची अवजारे पाण्यात रात्रभर भिजत ठेवली किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात घातली, तर काळी पडतात आणि तो काळेपणा पिठाला लागतो. ती हाताने धुऊन लगेच पुसावीत. तिन्ही अवजारे भांड्यातच ठेवण्याचा नियम केला, तर ऐन चकलीच्या दिवशी ‘‘आकडा कुठे गेला?’’ असा आरडाओरडा होत नाही.

चालवताना बाकीचे भानही हवे. पदर किंवा ओढणी खोचलेली, केस बांधलेले, आणि भांड्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढलेला. मुलांना हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

फराळाच्या दिवसांत

आता दिवाळीचे बोलू. चकलीची उकड गरम असतानाच मळावी लागते आणि तळहात पोळतात. येथे यंत्राचे उपकार मानावेत तेवढे थोडे. नानकटाईसाठी तूप आणि साखर फेसताना परातीत हात फिरवून खांदा भरून येतो. पसरट पाते ते काम काही मिनिटांत करते. चक्का आणि साखर एकजीव करायलाही तेच पाते चालते. शंकरपाळ्यांचे किंवा करंजीचे घट्ट पीठ मात्र एकदम लादू नये. निम्मे निम्मे घ्यावे, गती कमीत कमी ठेवावी, आणि डोके हादरू लागले किंवा फार तापले की यंत्राला विसावा द्यावा. गडीमाणसालाही आपण तेवढा देतोच.

शेवटी पुन्हा भाषेकडे वळते, कारण सवय सुटत नाही. उपयोगी वस्तूला मराठीत आपण ‘हाताशी असलेली’ म्हणतो. चांगली, महाग किंवा नवी असली तरी जी हाताशी नाही, ती असून नसल्यासारखी. यंदाच्या पाडव्याला घरात स्टँड मिक्सर यायचा असेल, तर जरूर यावा. पण दुकानात किंमत विचारण्यापूर्वी घरात एक प्रश्न विचारावा: हा कोणाच्या हाताशी राहणार आहे? त्याचे उत्तर मिळाले की जागा सापडते आणि यंत्रही.