पुढचा सामनाच नसतो तेव्हा

फुटबॉल विश्वचषकानंतर बूट कायमचे काढणार, हे फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने २००६च्या एप्रिलमध्येच जाहीर करून टाकलं होतं. त्यामुळे ९ जुलैला बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर इटलीविरुद्धचा अंतिम सामना हा त्याच्या कारकिर्दीतलाही शेवटचा सामना होता. जादा वेळेत, ११०व्या मिनिटाला त्याने इटलीच्या मार्को मातेराझ्झीच्या छातीवर डोक्याने धडक दिली आणि लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. जागून सामना पाहणाऱ्या अनेकांनी एकच निदान केलं: वय झालं, थकला, ताबा सुटला.

मला हे निदान अपुरं वाटतं. झिदानला कारकिर्दीत एकूण १४ लाल कार्डं मिळाली, आणि त्यांतली बहुतेक ऐन उमेदीतली आहेत. १९९८च्या विश्वचषकात सौदी अरेबियाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर पाय दिला म्हणून त्याला बाहेर काढलं होतं. २००० साली युव्हेंटसकडून खेळताना हॅम्बुर्गच्या योखेन किंट्झला त्याने डोक्यानेच धडक दिली आणि पाच सामन्यांची बंदी ओढवून घेतली. मार्सेयच्या ला कास्तेलान वस्तीत, अल्जीरियाहून आलेल्या आईबापांच्या घरात वाढलेला हा माणूस एरवी मितभाषी होता. पण कोणी कळ काढली तर तिथल्या तिथे हिशेब चुकता करायचा, हा त्याचा स्वभाव चौतिशीत उगवलेला नव्हता.

मग बदललं काय? १९९८मध्ये दोन सामने बाहेर बसल्यावर तो परतला आणि अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध दोन कॉर्नरवर दोन हेडर मारून फ्रान्सला विश्वचषक मिळवून दिला. सौदीचं लाल कार्ड त्या दोन गोलांखाली दबून गेलं, आज ते फार थोड्यांना आठवतं. बर्लिनमध्ये पुढे असा एकही सामना उरला नव्हता. राग जुनाच होता, तो भरून काढण्याची जागा संपली होती.

त्या रात्रीची पहिली ११० मिनिटंही पाहायला हवीत. सातव्याच मिनिटाला पेनल्टी मिळाली. समोर इटलीचा गोलरक्षक जियानलुईजी बुफॉन. झिदानने चेंडू अलगद उचलला, तो क्रॉसबारच्या आतल्या बाजूवर आपटून रेषेपलीकडे पडला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात असा फटका मारायला कोणाची छाती होते! १९व्या मिनिटाला मातेराझ्झीने हेडरवर बरोबरी साधली. ८०व्या मिनिटाच्या सुमारास झिदानचा खांदा दुखावला, तरी तो खेळत राहिला. १०४व्या मिनिटाला त्याचा जोरदार हेडर बुफॉनने एका हाताने वर ढकलला. तो गोल झाला असता, तर बहुधा विश्वचषक फ्रान्सचा होता. त्यानंतर सहा मिनिटांनी मातेराझ्झीने त्याचा शर्ट धरून ठेवला, बोलाचाली झाली. मातेराझ्झीने झिदानच्या बहिणीवरून घाणेरडं बोलल्याचं पुढे स्वतःच कबूल केलं. झिदान पुढे निघून गेला होता, आणि मग मागे वळला. या वळण्यानेच त्याचा घात केला.

मुख्य पंच ओरासिओ एलिझोंदो यांनी धडक पाहिलीच नव्हती. चौथे पंच लुईस मेदिना कांतालेखो यांनी ती त्यांच्या कानावर घातली आणि कार्ड निघालं. निर्णय शंभर टक्के बरोबर होता. बहिणीबद्दलचे शब्द कितीही हीन असले, तरी मैदानावर अंगावर धावून जाण्याची शिक्षा तीच असते. पेनल्टी शूटआऊटमध्ये फ्रान्स ५-३ हरलं. त्रेझेगेचा फटका क्रॉसबारला लागला. मातेराझ्झीने आपली पेनल्टी मारली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र झिदानच ठरला. त्याने नंतर टीव्हीवर मुलांची माफी मागितली, केल्याचा पश्चात्ताप मात्र नसल्याचं सांगितलं. फिफाने त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी घातली. पण निवृत्त माणसाने बंदी भोगायची कुठे? शेवटी त्या बदल्यात त्याने तीन दिवस समाजसेवा केली. मातेराझ्झीलाही दोन सामन्यांची बंदी झाली.

पुढची संधी संपत आली की काय होतं, यासाठी स्टीव्हन जेरार्डचं उदाहरण छोटं, पण बोलकं आहे. लिव्हरपूल सोडणार हे त्याने जाहीर केलेलं होतं. मार्च २०१५मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याला पूर्वार्धभर बाकावर बसवलं. उत्तरार्धात तो उतरला आणि एक मिनिटही पूर्ण व्हायच्या आत अँदेर हेरेराच्या पायावर पाय देऊन लाल कार्ड घेऊन परतला. त्या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्ध लिव्हरपूलचा शर्ट घालून तो पुन्हा कधीच खेळला नाही.

आणि बुफॉन. ११ एप्रिल २०१८, माद्रिद. पहिला सामना ०-३ गमावलेल्या युव्हेंटसने रेआलच्या मैदानावर तीन गोल करून बरोबरी साधली होती. ९३व्या मिनिटाला पंच मायकेल ऑलिव्हर यांनी रेआलला पेनल्टी दिली. चाळिशीचा बुफॉन पंचांवर इतका भडकला की त्यालाच बाहेर काढलं गेलं, आणि रोनाल्डोची पेनल्टी अडवायला तो गोलमध्ये नव्हताच. सामन्यानंतरही तो पंचांबद्दल अद्वातद्वा बोलला. चॅम्पियन्स लीगचे तीन अंतिम सामने हरलेल्या या गोलरक्षकाला ही आपली अखेरची संधी आहे असं वाटत होतं, आणि त्या रात्रीचा सगळा संताप त्यातूनच आला होता. रेआलच्या बाकाजवळ प्रशिक्षक म्हणून उभा होता झिदान.

बुफॉनचं नशीब एवढं बरं, की त्याच्यापुढे सामने शिल्लक होते. तीन सामन्यांची बंदी त्याने पॅरिसच्या संघात भोगली, मग तो युव्हेंटसला आणि तिथून पार्माला गेला आणि ४५व्या वर्षी, २०२३मध्ये निवृत्त झाला. चॅम्पियन्स लीग त्याला कधीच जिंकता आली नाही.