घोड्याची चाल आणि मुलाची कंबर

माळेगावच्या जत्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी काय बघतो, इथून सुरुवात करू. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक दात बघतं, भोवरे बघतं, गळ्यापाशी देवमण आहे का ते चाचपतं. कानांची टोकं एकमेकांना भिडतात का, चारी पाय पांढरे आहेत का, तेही बघतं. मग म्हणतं, चालवून दाखवा. चाल रेवाल असली की किंमत वाढते. पाठीवर भरलेला पेला ठेवला तरी हिंदकळणार नाही, अशी चाल.

आज आपण ज्या घोड्याबद्दल बोलणार आहोत, त्याच्या बाबतीत हा हिशोब बराचसा उलटा होतो. आपल्याला हिंदकळणारी पाठ हवी आहे. का, ते बघू.

माणूस चालतो तेव्हा त्याची कंबर तीन दिशांनी हलते: पुढे-मागे, डावी-उजवी, आणि थोडी वळतेसुद्धा. घोडा साध्या पावली चालला, की त्याच्या पाठीवर बसलेल्याच्या कंबरेला जवळजवळ अशीच तिहेरी हालचाल मिळते. आता सेरेब्रल पाल्सी असलेलं एखादं मूल डोळ्यांसमोर आणा. मेंदूला लहानपणीच इजा झालेली, पायांचे स्नायू ताठ, मांड्या एकमेकींत अडकतात, धड सावरत नाही. हे मूल कधी चाललेलंच नाही. घोड्याच्या पाठीवर त्याच्या कंबरेला चालणं म्हणजे काय ते कळतं. घोडा मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं टाकतो. म्हणजे वीस मिनिटांत मुलाला जवळपास दोन हजार वेळा तोल जातो आणि सावरावा लागतो. व्यायामाच्या खोलीत इतक्या वेळा कुणी करून घेईल का? शिवाय मांड्या फाकवून बसावं लागतं, आणि घोड्याचं अंग आपल्यापेक्षा अंशभर गरम असतं, त्यामुळे ताठ स्नायू थोडे सैल पडायला मदत होते. याला हिप्पोथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत हिप्पोस म्हणजे घोडा, एवढाच त्याचा अर्थ. त्या भारी नावाला बिचकू नका.

रेवाल घोडा एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलतो. वरच्या माणसाला ते सुखाचं, पण मुलाला जी चार ठोक्यांची, वळणारी हालचाल हवी ती त्यात नीट मिळत नाही. बाजारात ज्याला पैसे पडतात ते इथे कामाचं नाही.

ही कल्पना जगभर पोचली त्यात एका बाईंचा मोठा वाटा आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल. 1944 साली, तेविसाव्या वर्षी, त्या गरोदर असताना त्यांना पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय गेले ते गेलेच. तरी त्या परत घोड्यावर बसल्या, आणि 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ज्युबिली नावाच्या घोडीवर त्यांनी ड्रेसाजमध्ये रौप्यपदक मिळवलं. पदक घ्यायला त्यांना उतरवून न्यावं लागलं. 1956 ला पुन्हा रौप्य. त्यानंतर युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीची केंद्रं वाढत गेली.

मात्र एक गोष्ट इथेच स्पष्ट बोलली पाहिजे, कारण पालक आशेवर कर्ज काढतात. घोड्यामुळे सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही. बसण्याचा तोल, धडाची ताकद यांत फरक पडल्याचं अभ्यासांत दिसतं. तो फरक किती टिकतो याबद्दलचा पुरावा अजून कच्चा आहे. रोजची फिजिओथेरपी सोडून घोडा, असं कुणी सांगितलं तर तिथून उठायचं. काही मुलांना तर बसवायचंच नाही: खुबा सरकलेला असेल, फिट आवाक्यात नसतील, पाठीचा कणा फार वाकलेला असेल. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचे वरचे मणके घट्ट आहेत का, हे डॉक्टरांनी आधी तपासलं पाहिजे. स्वमग्न मुलांचा मामला वेगळा. त्यांच्यापैकी काहींना पाठीवर बसण्यापेक्षा खरारा करणं, चारा घालणं जास्त मानवतं.

आता माणसं. एका मुलामागे चार जण लागतात. एक घोडा धरणारा, दोन बाजूंनी चालणारे दोघं, आणि थेरपिस्ट. सगळ्यांत कमी पगार घोडा धरणाऱ्याला मिळतो आणि सगळ्यांत जास्त त्याच्यावरच अवलंबून असतं. मूल एका कुशीला कललं की घोड्याचा खांदा बदलतो, कान मागे जातात. हे सेकंदभर आधी त्यालाच कळतं. अशी माणसं नांदेड-लातूरकडे आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याचा वंश सांभाळल्याची श्रद्धा आहे, आणि होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीत ते घोडे निघतात. वरातीचे घोडेवाले आहेत, नालबंद आहेत. आणि धनगर आहेत. मेंढ्यांमागे निघालेलं बिऱ्हाड आपण रस्त्यात पाहिलेलं असतं: तट्टावर भांडी, घोंगड्या, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर बांधून बसवलेलं तान्हं पोर. तट्टू गाडीच्या हॉर्नला दचकत नाही. बहुतेकदा ते भीमथडीचं तट्टू. या जातीला स्वतंत्र जात म्हणून अलीकडेच अधिकृत मान्यता मिळाली. ठेंगणं, काटक, थोडक्यात भागणारं. उंच मारवाडी घोड्यावर मूल बसवलं तर बाजूने चालणाऱ्याचा हात कंबरेपर्यंत पोचत नाही. तट्टाला तो पोचतो. वजनाचा हिशोब मात्र ठेवा. जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार नको, तोही खोगीर धरून. म्हणजे अडीचशे किलोच्या तट्टाला पन्नास किलो. मूल मोठं झालं की घोडा बदलायचा.

वरातीच्या घोड्याबद्दल नेहमी विचारतात, तो तर बँडला सरावलेला असतो ना? असतो. पण काही घोडे सरावलेले असतात आणि काही मार खाऊन गप्प झालेले असतात. दोन्ही वरून सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारचा घोडा महिनोन्‌महिने शांत उभा राहतो आणि एक दिवस उधळतो. म्हणून घोडा आणल्यावर काही महिने मुलाशिवायच काम करायचं. त्याच्याभोवती व्हीलचेअर फिरवायची, चेंडू टाकायचे, मोठ्याने ओरडायचं. तो कान टवकारतो, बघतो आणि पुन्हा चाऱ्याला लागतो, असा घोडा हवा. अजिबात न बघणारा नको.

बाजारातून आणलेल्या घोड्याची ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी झाल्याशिवाय त्याला आवारात घ्यायचं नाही. हा रोग माणसालाही होतो, आणि 2006 मध्ये तो महाराष्ट्रातल्या घोड्यांत आढळला होता. तबेल्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस घ्यायची.

आणि पाणी. एक घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर जगवलं, ते आपण विसरलेलो नाही. त्या वर्षी घोडा बाळगणाऱ्याने काय केलं असेल? मेंढ्या असोत, घोडे असोत, आधी ते विकले जातात. म्हणून विहीर, बोअर, कडब्याची गंजी यांचा विचार खोगिराच्या आधी करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या पुढे घोडा बाहेर काढायचाच नाही. दिवसाला त्याच्याकडून दोन-तीन तासांपेक्षा जास्त काम नको, आणि आठवड्यातून दोन दिवस नुसतं मोकळं सोडायचं. एकसुरी कामाने घोडाही कंटाळतो. मग तो चावायला लागतो, आणि लोक म्हणतात घोडा वाईट निघाला.

आता खर्चाचा प्रश्न. मुलं आली नाहीत तरी घोडा खातो. पावसाळ्यात चिखल झाला, सत्रं बंद पडली, तरी चंदी, कडबा, नाल, मोतद्दाराचा पगार चालूच. त्यामुळे फक्त फीवर केंद्र चालत नाही. फी वाढवली की ज्यांच्यासाठी काढलं तीच मुलं गळतात. आम्हाला विचाराल तर इथे नवं फार्म बांधण्यापेक्षा, ज्या संस्थेत फिजिओथेरपिस्ट आधीच आहेत तिने जवळच्या घोडेवाल्याशी करार करावा. दोन तट्टं, आठवड्याच्या तीन सकाळी. घोडेवाल्याला वर्षभर ठरलेले पैसे, लग्नसराईतसुद्धा. नाहीतर मे महिन्यात तो वरातीलाच जाणार, आणि त्यात त्याचं काही चूक नाही.

घोडा पंचवीस वर्षंही जगतो. विशीच्या आसपास त्याचं काम थांबतं, त्याच्या पुढची वर्षं त्याला कोण सांभाळणार, हे पहिल्याच करारात लिहून घ्यायचं. म्हाताऱ्या घोड्याच्या चाऱ्याचे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला काढायचे. देणगीदार विचारतील, ही ओळ कशाला? त्यांना हेच सांगायचं. आता तुमचे प्रश्न घेऊ.