अम्लाचें माप

लिंबू आंबट लागतें आणि धुण्याचा सोडा हातास बुळबुळीत लागतो, हें आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. लिंबाच्या रसांत अम्ल असतें. सोडा अल्कली वर्गांतील होय. हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा होतो, व त्यावर लिंबू पिळल्यास पुन्हा पिवळा दिसूं लागतो. हाही त्याच दोन वर्गांतील विरोधाचा परिणाम होय.

परंतु रंगावरून केवळ अदमास बांधतां येतो. आणि अपरिचित द्रव जिभेवर घेऊन पाहणें तर जिवावरचें. यास्तव निश्चित मापाची आवश्यकता होती. अम्ल पाण्यांत विरघळलें असतां हायड्रोजनचे विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, मोकळे होतात, असें स्वीडनच्या आर्‍हेनियस यांनीं प्रतिपादिलें. ह्या आयनांच्या प्रमाणावरून १९०९ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत सोरेन्सन यांनीं ‘पीएच’ हें माप ठरविलें.

२५ अंश सेंटिग्रेड उष्णमानावर शुद्ध पाण्याचें पीएच ७ असतें. त्याखालील अंक अम्लाचे, वरील अल्कलीचे. लिंबाच्या रसाचें पीएच सुमारें २, तर चुन्याच्या निवळीचें सुमारें १२ असतें. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. अंक एकानें उतरला कीं आयनांचें प्रमाण दसपट वाढतें. म्हणून ७ वरून ५ वर येणें म्हणजे दुप्पट नव्हे, तर शंभरपट वाढ होय.

ह्या अंकांचें महत्त्व आपल्या रक्तावरून कळतें. निरोगी मनुष्याच्या धमन्यांतील रक्ताचें पीएच ७.३५ ते ७.४५ असतें. तें ७.४ वरून ७.० वर उतरलें, तर हायड्रोजन आयन सुमारें अडीचपट होतात व प्राण संकटांत येतो. म्हणूनच रक्तांतील बायकार्बोनेट वाढतें अम्ल झेलतें, फुप्फुसें कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकितात आणि मूत्रपिंडें उरलेलें अम्ल मूत्रावाटें घालवितात.

अम्ल व अल्कली एकत्र आलीं कीं लवण व पाणी तयार होऊन उष्णता निघते. ह्याकरितां अंगावर अम्ल सांडल्यास चुना वा सोडा चोळूं नये. तो भाग तत्काळ वाहत्या पाण्याखालीं बराच वेळ धरावा. तसेंच तीव्र गंधकाम्ल पातळ करितांना अम्लच पाण्यांत थोडें थोडें ओतावें. पाणी अम्लांत कदापि ओतूं नये, कारण उष्णतेनें तें एकदम उकळून अम्ल अंगावर उडतें.

एकेका अंकामागें दसपट बळ असतें, हें ज्यास उमगलें, तो प्रयोगशाळेंतील बाटली सावधपणेंच उचलील.