क्राऊन-पिनियनची जोडी फोडू नका

1954 साली टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. त्या काळातला एखादा ट्रक आजही कुणी हौसेनं उभा करायला घेतो, आणि मागच्या एक्सलपाशी गाडं अडलं की आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात येतो.

ब्रेक ड्रम, हब यांची कोल्हापुरात चिंता नाही. नमुना दिला की शिरोलीच्या फाउंड्रीत ओतून मिळतात, लेथवर फिनिश होतात. डिफरन्शियलमधले दातेरी क्राऊन आणि पिनियन मात्र ओतून होत नाहीत. मिश्र पोलाद घडवून, खास यंत्रावर वाकडे दात कापून, वरचा थर कडक करून ते बनवतात. शेवटी दोघांना एकमेकांवर घासून जुळवतात, म्हणून दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन असा संसार मांडला, की हौसिंग चढाला ओरडायला लागतं.

भंगारात गेल्यावर मी आधी ग्रीस पुसून तो क्रमांक शोधतो. मग दात मोजतो. पिनियनला 6 आणि क्राऊनला 41 असतील, तर प्रमाण 6.83. मूळ गाडीशी ते जुळलं पाहिजे. दातांवर खड्डे असले तर ती जोडी तिथंच सोडायची, कारण कडक थर जेमतेम मिलिमीटरभर असतो. घासून साफ केलं तर आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. एक्सल शाफ्टच्या स्प्लाइनला दोरा धरून पीळ बघतो. तडा डोळ्याला दिसत नाही. शाफ्ट रॉकेलमध्ये ठेवायचा, कोरडा पुसायचा, वर खडू फासायचा. तडा असला तर पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. जोडणी करताना तेलात कालवलेला शेंदूर दातांना लावून फिरवतो. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा, कडेला आला तर शिम बदलायचे. इथं घाई करणाऱ्यानं या कामात पडू नये.

2021 साली केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली, पण ती खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना. मालवाहू ट्रकला त्यात जागा नाही, आणि ऊस-गूळ वाहिलेल्या या गाड्यांवर हा अन्याय आहे असं मला वाटतं.

निदान त्यांचे सुटे भाग तरी वाचावेत म्हणून ट्रकमालकांना आणि भंगारवाल्या दोस्तांना विनंती: हौसिंगला गॅस कटर लावू नका, त्या आचेनं दातांचा कडकपणा जातो. बोल्ट खोलून डिफरन्शियल अख्खं काढा, तेलानं माखून गोणपाटात गुंडाळा आणि वर गाडीचं मॉडेल लिहून ठेवा.