लगामातून उतरणारी भीती

26 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकले. घोडेस्वारीतले सुवर्ण आपल्याकडे 41 वर्षांनी आले. दुसऱ्याच दिवशी वैयक्तिक पात्रता फेरीत संघातला मुंबईचा हृदय छेडा पहिला आला. तिसऱ्या दिवशी अंतिम फेरीत त्याच्या घोड्याच्या पायाला रक्त दिसले आणि नियमानुसार तो बाद ठरला. कांस्य त्याच संघातल्या अनुष अगरवालाने मिळवले. यात हृदयच्या हिमतीचा प्रश्न आला कुठे? तरीही कमी वयात जिंकलेल्या स्वाराकडे आपण असा हिशेब मागतो, जणू निकाल त्याच्या एकट्याच्या मुठीत असतो. अशा स्वारांवरच्या दडपणाचे मूळ माझ्या मते इथेच आहे, आणि ‘मन घट्ट कर’ या सल्ल्याने ते आणखी खोल जाते.

यावर आमच्या लातूर-नांदेडात हमखास येणारा आक्षेप असा: दडपणाशिवाय यश कसले? लातूर पॅटर्नने सराव परीक्षांचा मारा करूनच पोरांची भीती मोडली ना! आक्षेपात तथ्य आहे, सरावाने धास्ती कमी होते. पण उत्तरपत्रिकेला विद्यार्थ्याची धडधड कळत नाही, घोड्याला कळते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घोडा हाताळणाऱ्या माणसांना सांगितले, की या फेरीत घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबतच्या घोड्यांचेही. म्हणजे ‘आता हरायचे नाही’ ही धास्ती स्वाराने चेहऱ्यावर लपवली, तरी मांडीतून आणि लगामातून ती खाली उतरतेच. घोडा बिथरतो, गुण घसरतात, आणि स्वार आणखी धसकतो.

हे श्रीमंतांचे दुखणे आहे, असेही कोणी म्हणेल. ड्रेसाज महागडा आहे खरा. पण घोडा समजून घ्यायला श्रीमंती लागत नाही: नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा पारखणारा जाणकार आधी जनावराची चाल, खूर आणि डोळा पाहतो, मालकाचा रुबाब नंतर. हीच नजर पालकांनी आणि प्रशिक्षकांनी पदकानंतर ठेवावी. फेरी संपली की पहिला प्रश्न गुणांचा नको, घोडा कुठे अडला आणि कुठे मोकळा चालला, याचा हवा. उत्तर देता येईल असा प्रश्न मिळाला की स्वाराचे लक्ष कामाकडे वळते. झोप उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आणि पुढची स्पर्धा कोणती, हे सत्काराच्या व्यासपीठावरून पुढाऱ्यांनी जाहीर करू नये. ते घोड्याचे पाय तपासून प्रशिक्षकाने ठरवायचे असते.